बापाचा पाचवा महिना

बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्यात कुणाला दिवस गेले की ती गोष्ट सगळ्यांत शेवटी नवऱ्याला कळते. आधी सासूला कळते, कारण फोडणीचा वास आला की सून परसदारी पळते. मग शेजारणीला कळते, कारण तिचं परसदार लागूनच असतं. तिथून ती आशा कार्यकर्तीच्या रजिस्टरात चढते आणि संध्याकाळपर्यंत बाजारातल्या चिंचवालीलाही पाठ होते. नवरा तेवढा पहिल्या पाळीला मँगनीजच्या खाणीत उतरलेला असतो, आणि खाली मोबाइलला रेंज नसते. पाळी सुटून, टोपीचा दिवा जमा करून तो वर येतो तेव्हा गेटावरचा चौकीदार विचारतो, "पेढे कवा देतो बे?" आणि त्याला वाटतं, आपण परमनंट झालो.

आमच्या भाच्याचं अगदी असंच झालं. तो कंत्राटावर आहे. परमनंट झालेलो नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला, आणि खरी बातमी कळल्यावर जो चढला तो बाळंतपणापर्यंत उतरायला तयार नव्हता. त्या दिवसांत घरातले सगळे बाळाच्या वाढीकडे लक्ष ठेवून होते. मी बापाच्या वाढीकडे ठेवलं. बाळाची काळजी करायला सरकार आहे, कार्ड आहे, लाल गोळ्या आहेत. बापाची सोनोग्राफी कुणी करत नाही, आणि केलीच तर पहिल्या तीन महिन्यांत पडद्यावर काही दिसेल याची मला खात्री नाही.

सुरुवात हिशेबापासून झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा आठवडे झाले." भाच्यानं बोटं मोजली. सहा आठवड्यांमागं सूनबाई गोंदियाला माहेरी होती, भावाच्या लग्नाला. भाच्यानं पुन्हा मोजली. डॉक्टरीणबाईंना अशा बोटांची सवय असावी. त्यांनी घाईघाईनं समजावलं की गर्भाचे आठवडे शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पहिले साधारण दोन आठवडे पोटात कुणीच नसतं, तरी ते धरायचेच.

"म्हंजे कामावर याच्या दोन हप्ते आधीपासून हजेरी लागते?" भाच्यानं विचारलं. "असा ठेकेदार पाह्यजे होता मले."

ही तारीख काढायची रीत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रांझ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावानं चालते. पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा, तीन महिने मागे जा, वर्ष पुढचं धरा. झाले २८० दिवस. माझी मोठी बहीण, म्हणजे भाच्याची आई, हे सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "नऊ महिने नऊ दिवस. त्याच्यासाठी जर्मन कायले लागते?" मी घरी येऊन मोजलं तर तिच्यात आणि जर्मनात दोन-तीन दिवसांचंच अंतर निघालं. आणि तसंही, दिलेल्या तारखेला हजर होणारी बाळं वीसात एखादंच. तारखेच्या बाबतीत जन्माला येणारा माणूस पहिल्यापासून सरकारी खात्यासारखा वागतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून. त्या दिवशी बाकड्यावर बाया आणि भिंतीला टेकून नवरे. बाया आपसात सगळं बोलतात, नवरे पंख्याकडे पाहतात. बायांना लोहाच्या लाल गोळ्या मिळतात, चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. शौचाला काळं होतं म्हणून निम्म्या बाया त्या पाखाडात खोचून ठेवतात. आशाताई घरोघरी जाऊन पाखाडं तपासते. तिचं म्हणणं खरं आहे: बाळ आपल्या साठ्याचं लोह मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून उचलतं, आणि आईकडे नसलं तर आईचंच ओढतं.

लोह कमी असलं की माती खावीशी वाटते. सूनबाईला पावसानं ओली झालेली भिंत चाटावीशी वाटायला लागली. आता उकव्यात माती खाणं म्हणजे नाजूक प्रकरण आहे. इथली माती टनानं विकली जाते, रेल्वेनं पोलाद कारखान्यांना जाते, आणि तिचा हिशेब नागपूरच्या मुख्यालयात ठेवला जातो. भाचा तिला समजावत होता, "हे खाऊ नको. याच्यात लोह कमी अन् मँगनीज जास्त. अन् थेही कंपनीचं हाय." आशाताईनं गोळ्यांचा डोस तपासून घेतला, भिंत वाचली.

डोहाळे पुरवायचं काम भाच्याकडे होतं आणि ते त्यानं जीव ओतून केलं. चिंच आणली, आवळे आणले, बालाघाटच्या बसस्टँडवरचे समोसे चाळीसेक किलोमीटर घाट चढवून आणले. सूनबाई एक घास घ्यायची, नाक मुरडायची, बाकीचं भाचा संपवायचा. तिसऱ्या महिन्यात तिचं वजन दीड किलो उतरलं होतं आणि त्याचं चार किलो चढलं होतं. सकाळी त्यालाही मळमळायला लागलं. बहीण म्हणाली, समोसे. पण होणाऱ्या बापाला मळमळणं, पोट सुटणं, दात दुखणं हे जगभर नोंदलेलं आहे; त्याला कुवाद म्हणतात आणि इंग्रज मानवशास्त्रज्ञ टायलरनं हा शब्द १८६५ मध्येच प्रचारात आणला. पुढे २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी होणाऱ्या बापांचं रक्त तपासलं, तर त्यांच्या हार्मोनांतही बदल सापडले. मी हे सगळं बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "रक्तात समोसे पाहिले का त्यायनं?"

रक्तावरून आठवलं. या सगळ्या पट्ट्यात, इकडे बालाघाट-मंडला आणि तिकडे गोंदिया-गडचिरोली, सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून आईचा नमुना सदोष निघाला की नवऱ्याचं रक्त मागतात. २०२३ च्या १ जुलैला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तेव्हापासून हे मागणं वाढलं. संपूर्ण गरोदरपणात बापाच्या शरीराला विचारलेला हा एकमेव प्रश्न, आणि तोही काही जण चुकवतात. खाली सुरुंगाच्या भोकात दारू भरणारे गडी वर बोटाला सुई म्हटली की पाळी आठवून निघून जातात. आमच्या भाच्यानं मात्र बोट दिलं. बाकड्यावर आडवा झाला, पण दिलं. दोघांचेही नमुने निर्दोष निघाले. विनोद सोडून सांगतो, त्या दिवशी मला तो पहिल्यांदा बाप वाटला.

मग सोनोग्राफी. ती बालाघाटला. भरवेलीचा उतार, गांगुलपाऱ्याचा घाट, आणि सूनबाईच्या पोटात बाळ असल्यामुळे भाचा ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याआधी हात दाखवत होता. खड्डे मोजले तर ड्रायव्हरनं सगळा रस्ता भाच्याच्या हाताकडे पाहतच काढला असणार. आत पडद्यावर एक ठिपका धडधडत होता. हृदय सहाव्या आठवड्याच्या आसपासच चालू होतं, मेंदू आणि मज्जारज्जूची नळी त्याच सुमाराला मिटते, म्हणून फॉलिक आम्लाची गोळी खरं तर दिवस जाण्याआधीपासून हवी, बाराव्या आठवड्यापर्यंत सगळे मुख्य अवयव जागेवर बसतात. हे डॉक्टर सांगत होते आणि भाचा भिंतीवरची पाटी वाचत होता: गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे. १९९४ चा कायदा. पण पोटाच्या आकारावरून लिंगनिदान करणाऱ्या आजीबायांना तो लागू नाही. पोट टोकदार म्हणून दोन बाया मुलाच्या बाजूनं, चेहरा उजळला म्हणून तीन बाया मुलीच्या. आमच्या जिल्ह्याचं एक बरं आहे, २०११ च्या जनगणनेत बालाघाटमध्ये हजार पुरुषांमागे १,०२१ बाया निघाल्या, मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. त्यामुळे मुलीच्या बाजूनं बोलणारीचा आवाज इथे पडत नाही.

परत येताना भाच्यानं मोबाइलवर एक ॲप घेतलं. ते दर आठवड्याला बाळ कोणत्या फळाएवढं झालं ते सांगायचं. सातव्या आठवड्यात ब्लूबेरी, सोळाव्यात ॲव्होकॅडो. ही दोन्ही फळं उकव्याच्या बाजारात कुणी पाहिलेली नाहीत. भाच्यानं आईला चित्र दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, चाराच्या फळाएवढं म्हण की. ती चिडली. "पोटातल्या जिवाले खायाच्या जिनसा म्हंता? दृष्ट लागन." ॲप त्याच दिवशी काढलं गेलं. पुढची वाढ बहिणीनं हातानं पाहिली आणि कुणाला माप सांगितलं नाही.

पाचवा महिना हा बापांचा खरा महिना. तोवर बाळ ही ऐकीव गोष्ट असते. पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराला हालचाल कळू लागते आणि बापाला त्याहून उशिरा, हात ठेवल्यावर. भाचा हात ठेवायचा तेव्हा बाळ थांबायचं. हात काढला की हलायचं. "साहेब आला की काम थांबवतात तसंच हाय हे," तो म्हणाला. याच काळात बाळाच्या बोटांवर ठसे पक्के झालेले असतात, जन्मभर न बदलणारे. मात्र सरकार ते लगेच घेत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला निळं आधार कार्ड मिळतं आणि त्यावर बोटांचे ठसे नसतात. आईच्या पोटात तयार झालेला कागद पाच वर्षं पेंडिंग. शिवाय अंगावर तलम लव येते आणि ती वरच्या ओठावर लवकर दिसते. म्हणजे मुलगा असो की मुलगी, काही आठवडे बाळाला मिशा असतात. भाच्याला त्या वेळी नव्हत्या; समोशाची चटणी लागते म्हणून त्यानं काढून टाकल्या होत्या.

आणि याच महिन्यात नागपूरहून कुणीतरी गर्भसंस्काराचं पुस्तक आणलं. मी गर्भसंस्काराच्या विरोधात नाही. आईनं चांगलं खावं, शांत राहावं, घरातल्यांनी तिच्याशी नीट बोलावं, याला कोण नाही म्हणेल? पण हे शास्त्र विकताना जे दाखले देतात ते बापांनी एकदा वाचून घ्यावेत. अभिमन्यूनं पोटात चक्रव्यूह ऐकला, सुभद्रेला झोप लागली, आत शिरायचं कळलं आणि बाहेर पडायचं राहिलं. अष्टावक्रानं पोटातून बापाचं पठण ऐकलं आणि चूक काढली; बाप, कहोड ऋषी, इतका रागावला की त्यानं पोटातल्या पोराला शाप दिला आणि पोर आठ ठिकाणी वाकडं जन्मलं. प्रल्हादानं कयाधूच्या पोटात असताना नारदाचा उपदेश ऐकला, आणि त्याच्या बापाचं काय झालं ते खांबाला विचारा. तीन दाखले, तिन्हींत बाळ हुशार निघालं, आणि एकाही बापाचं भलं झालं नाही. कहोड ऋषींना तर मी आजच्या ९ तारखेच्या बाकड्यावर बसवलं असतं. मूल आपली चूक काढणार, ही तयारी बाळ पोटात असतानाच करायची असते.

भाच्यानं पुस्तकातली एकच गोष्ट उचलली: रोज संध्याकाळी पोटाशी बोलायचं. पहिल्या दिवशी तो पोटासमोर मांडी घालून बसला आणि सुचेना. शेवटी त्यानं दिवसाचा अहवाल दिला. किती गाड्या माल निघाला, कोणता पंप बंद पडला, सुपरवायझर काय बोलला. सुपरवायझरचे शब्द सूनबाईनं गाळायला लावले. दुसऱ्या दिवशी पुढचा अहवाल. सूनबाई म्हणाली, "मामाजी, हे लेकरू पैदा होऊन आधी ओव्हरटाइम मागन."

ऐकू येतं का? येतं. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला दचकतं. डिकॅस्पर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये दाखवलं की दोन-तीन दिवसांची बाळं आईचा आवाज ओळखतात आणि तो ऐकायला चोखण्याचा वेग बदलतात. १९८६ मध्ये त्यानं आयांना शेवटच्या आठवड्यांत एकच गोष्ट मोठ्यानं वाचायला लावली. जन्मल्यावर बाळांना तीच गोष्ट आवडली. या दोन्हींच्या मधे, १९८४ मध्ये, त्यानं बापांचाही प्रयोग केला. बाळांनी बापाच्या आवाजाला परक्या पुरुषाच्या आवाजापेक्षा अधिक पसंती दिली नाही. दोन आवाजांतला फरक कळत होता, फक्त पडली नव्हती. हा निकाल मी भाच्याला सांगितला नाही. माझ्या मते कुणीच कुठल्या होणाऱ्या बापाला सांगू नये.

शिवाय इथे भाषेचा प्रश्न होता. भाच्याच्या घरात पोवारी, सूनबाईच्या माहेरी गोंदियाची मराठी, दवाखान्यात हिंदी, आणि बाजारातल्या बाया आपसात गोंडी. १९५६ साली राज्यं फुटली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि बालाघाट इकडे राहिलं, पण जिभा कुणी वाटून घेतल्या नाहीत. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना असं आढळलं की फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढतं आणि जर्मन बाळांचं वरून खाली उतरतं, पोटात ऐकलेल्या भाषेच्या चालीवर. मग उकव्याचं बाळ कोणत्या भाषेत रडणार यावर दोन्ही घरांत मतभेद झाले. विहीणबाईंनी फोनवर आग्रह धरला की पोटाशी मराठीत बोलावं. बहिणीनं फोनवर पोवारीत उत्तर दिलं. भाचा सुपरवायझरचा भाग हिंदीतच सांगत राहिला.

रजेचं सांगायचं राहिलं. या खाणपट्ट्यात बाळंतपणाच्या रजेला जुना इतिहास आहे. मध्य प्रांताचा बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९३० चा. खाणीत काम करणाऱ्या बायांसाठी वेगळा कायदा १९४१ ला आला, आणि १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची दुरुस्ती मांडली. डोक्यावर दगडाची टोपली घेऊन बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत उभ्या असलेल्या बायांना त्या कागदांनी बसायला जागा दिली. पुढे १९६१ चा कायदा आला, आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात. केंद्र सरकारच्या नोकरदार बापाला १५ दिवस मिळतात. कंत्राटावरच्या बापाला बाप होण्याची मुभा आहे. रजा नाही.

त्यामुळे भाच्यानं आपल्या शंका रजेत न मांडता शेवटच्या तपासणीत एकदम मांडल्या. डॉक्टरीणबाई समजावत होत्या: बाळ पाण्यात असतं, फुप्फुसांत हवा नसते, प्राणवायू नाळेतून येतो. भाचा मन लावून ऐकत होता. खाणीत उतरणाऱ्या माणसाला हे काही नवं नव्हतं. अंधार, पाणी, वरून येणारी हवेची नळी, सगळं ओळखीचं. त्याला एकच गोष्ट खटकली.

"मॅडम, बाहेर यायचा रस्ता एकच हाय का?"

"हो."

"पण खाणीले कायद्यानं दोन लागतात. एक बंद पडला तं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दुसरा आहे. तो आम्ही करतो."

भाच्याचं समाधान झालं. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "सेफ्टीचं पक्कं हाय, मामाजी."

दुसऱ्या रस्त्याची गरज पडली नाही. जर्मनाच्या तारखेनंतर चौथ्या दिवशी, बहिणीच्या तारखेनंतर पहिल्याच दिवशी, जननी एक्स्प्रेसच्या गाडीनं घाट उतरून बालाघाटला मुलगी झाली. टोकदार पोटवाल्या बाया म्हणाल्या, आम्ही तेच म्हणत होतो. मुलगी रडली तेव्हा विहीणबाईंना त्यात मराठी ऐकू आलं, बहिणीला पोवारी. नर्सबाई केरळच्या होत्या, त्यांना नुसतं रडणं ऐकू आलं आणि त्यांनी तेच कार्डावर नोंदवलं.

उकव्याला आणल्यावर एक गंमत दिसली. खाणीचा भोंगा झाला, मुलगी झोपलेली. खालच्या सुरुंगानं भांडी थरथरली, मुलगी झोपलेली. बाजाराच्या दिवशी लाउडस्पीकर ओरडला, मुलगी झोपलेली. जपानात १९७० च्या सुमाराला विमानतळाजवळच्या वस्तीत हेच दिसलं होतं: गरोदरपणी आई तिथेच राहत असेल तर बाळं विमानाच्या आवाजात खुशाल झोपतात, परगावाहून नंतर आलेल्यांची उठतात. ज्या आवाजात वाढली, त्यात झोपली.

पहिली पाळी संपवून भाचा आला. हात धुतले, पाय धुतले, चपला बाहेर काढल्या, पडदा बोटानं सरकवला आणि अगदी हळू आवाजात बायकोला विचारलं, "झोपली का गं?"

मुलगी जी उठली, ती दुसरी पाळी सुटेपर्यंत रडत होती. भाचा तिला खांद्यावर टाकून ओसरीत फेऱ्या मारत होता आणि बहिणीला सांगत होता, "पाहिलं का आई, आवाज ओळखते माहा."